पुलाखालच्या मुलांचं नाव पटावर घेणं आणि ते टिकवणं

प्रश्न असा आला आहे: "मी महापालिकेच्या एका मराठी शाळेत शिक्षण सेविका आहे. शाळेपासून दहा मिनिटांवर उड्डाणपुलाखाली आठ कुटुंबं राहतात. फुगे, गजरे, मोबाइलचे स्टँड विकतात. सहा ते चौदा वयाची तेरा मुलं मी स्वतः मोजली. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनानं वाईट नाहीत, पण म्हणतात की जन्मदाखला नाही, आधार नाही, पत्ता नाही, शिवाय ही माणसं चार महिन्यांत निघून जातील. त्यातला एक मुलगा तेरा पूर्ण झालेला आहे. तो म्हणतो, मला आता कोण घेणार? कायदा काय सांगतो आणि मी नेमकं काय करू?"

ताई, मोठ्या बाईंनी सांगितलेल्या चार अडचणींपैकी पहिल्या तीन कायद्यापुढे टिकत नाहीत. चौथी, म्हणजे 'ही माणसं निघून जातील', ही मात्र खरी आहे, आणि सगळं काम तिथेच आहे. मी बावीस वर्षं मुंबई-ठाण्यातल्या फुटपाथवरच्या, पुलाखालच्या, स्टेशनबाहेरच्या मुलांना महापालिकेच्या शाळांत घालण्याचं काम करतोय. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी फक्त प्रवेश मोजले. जूनमध्ये एकदम वीस-पंचवीस मुलं दाखल करायची, सगळ्यांना नवे गणवेश, फोटो, पेढे. दिवाळीनंतर त्याच शाळेत गेलो की निम्मी मुलं दिसायची नाहीत, आणि दाखल-खारीज रजिस्टरात त्यांच्या नावासमोर लाल शाईनं लिहिलेलं असायचं, 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. तेव्हा कुठे लक्षात आलं की आम्ही सगळे 'दाखल'च्या रकान्यापाशी गर्दी करून उभे होतो, आणि मुलं 'खारीज'च्या रकान्यातून निघून जात होती.

तरी कागदांचं आधी सांगतो. तुमची नोकरी अजून पक्की नाही, आणि मोठ्या बाईंसमोर बोलताना हातात कलम असलेलं बरं.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचं कलम 14 म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. कलम 15 म्हणतं की प्रवेशाची मुदत उलटली हे कारण चालणार नाही. म्हणजे मूल डिसेंबरात आलं तरी घ्यायचं. कलम 5 प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मुलाला थांबवता येत नाही, आणि तो दाखला ताबडतोब न देणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतात. कलम 9 तर थेट तुमच्या महापालिकेला उद्देशून आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवायची आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहायचं, असं ते कलम सांगतं. यातला 'राहणाऱ्या' हा शब्द मोठ्या बाईंना बोट ठेवून दाखवा. घर असणाऱ्या, भाडेकरार असणाऱ्या, रेशनकार्ड असणाऱ्या, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पुलाखाली राहणं हेही राहणंच आहे.

आधारचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात स्पष्ट सांगितलंय की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवता येणार नाही. पण एवढं सांगून मोठ्या बाई निश्चिंत होतील असं समजू नका. त्यांची भीती निकालाची नाही, संगणकाची आहे. सरल आणि यू-डायस या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी संगणकप्रणालींवर मुलाची नोंद करताना आधारची जुळणी मागितली जाते, आणि संच मान्यतेच्या वेळी आधार जुळलेला पटच धरायचा असा आग्रह गेल्या काही वर्षांत वाढलाय. संच मान्यतेवर शाळेतल्या शिक्षकांची संख्या ठरते. म्हणजे आधार नसलेली तेरा मुलं त्यांच्या दृष्टीनं कष्ट वाढवणारी, पण पटात न मोजली जाणारी मुलं. ही त्यांची खरी अडचण आहे, तिला उडवून लावू नका. त्यांना म्हणा, "बाई, आधी नाव घेऊ, आधारचं मी बघते." आणि खरंच बघा. आधार केंद्रावर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. राजपत्रित अधिकारी किंवा आमदार अशांची त्यावर सही लागते. मुलाबरोबर आई किंवा बाप हवा. एक शनिवार, एक रिक्षा आणि भरपूर सबुरी एवढ्यात चार-पाच मुलांचं होतं. सगळ्यांचं एकदम होणार नाही. बोटांचे ठसेच उमटले नाहीत, आईच्या आधारवर नाव वेगळं आहे, असले प्रकार निघतील.

'जन्मदाखला नाही' हे तर पुष्कळदा खरंच नसतं. मुंबई-ठाण्यातल्या फुटपाथवरच्या बायका बाळंतपणाला बऱ्याचदा महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात. जन्माची नोंद तिथे झालेली असते, दाखला न्यायला मात्र कुणी गेलेलं नसतं. नाहीतर दाखला असतो पण त्यावर मुलाचं नावच नसतं, नुसतं 'स्त्री' किंवा 'पुरुष'. नाव घालायला पंधरा वर्षांपर्यंत मुभा आहे. म्हणून आईला 'दाखला आहे का?' असं विचारू नका, 'बाळंतपण कुठे झालं?' असं विचारा. पहिल्याला उत्तर 'नाही' येतं, दुसऱ्याला रुग्णालयाचं नाव.

नोंदच सापडली नाही तर अंगणवाडीचं किंवा नर्सबाईंचं रजिस्टर चालतं, आणि तेही नसेल तर आईबापांनी लिहून दिलेलं वयाचं घोषणापत्र. हे घोषणापत्र घेताना घाई करू नका, त्यावर मुलाचं पुढचं सगळं आयुष्य चालणार असतं. आईला तारीख माहीत नसते, पण काळ नक्की माहीत असतो. पूर्वी मी विचारायचो, 26 जुलैचा पूर आला तेव्हा हा किती होता? आता विचारतो, पाचशेच्या नोटा बंद झाल्या तेव्हा पोटात होता की कडेवर? परवा एका आईनं सांगितलं, "पहिला लॉकडाऊन लागला तवा ही अंगावर पीत हुती, नुकती बसाया लागली हुती." म्हणजे 2019 चा पावसाळा संपता संपताचा जन्म. मग विचारलं, झाली तेव्हा नवरात्र झालं होतं का? नाही, गणपती उठले होते. झालं, सप्टेंबर मिळाला. शेवटी दात बघितले, समोरचे दोन पडून नवे येत होते. सगळं जुळलं. 1 जून ही सरसकट तारीख लिहून मोकळं होऊ नका. एका पुलाखालच्या तेरा मुलांचा जन्म एकाच दिवशी झालेला दिसला की पुढे प्रत्येक कचेरी शंका घेते.

लहान भावंडांसाठी मात्र आत्तापासून धावपळ करावी लागेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेली दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे. ही मुलं 2029 मध्ये पहिलीत येतील. शिक्षण हक्काचं कलम 14 तेव्हाही असेल, पण दोन कायद्यांच्या फटीत कोण अडकणार हे सांगायला नको. एक वर्ष उलटल्यावर नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि महाराष्ट्रात 2025 पासून उशिराच्या नोंदणीची छाननी फार कडक झालीय. पुलाखाली आज जे तान्हं असेल त्याची नोंद या महिन्यात करून घ्या.

एवढं करूनही नकार आला तर वाद घालू नका, लेखी मागा. "बाई, नाकारल्याचं कारण कागदावर द्या, मला केंद्रप्रमुखांना दाखवायचंय." बावीस वर्षांत मला लेखी नकार फार थोड्या वेळा मिळाला, बाकी वेळा प्रवेश मिळाला. त्यापुढे कलम 32 आहे. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. पण तक्रार तुम्ही करू नका. तुम्हाला त्याच शाळेत राहायचंय, तुमच्या आणि मोठ्या बाईंच्या भांडणाची झळ मुलांना लागता कामा नये. ती आईकडून जाऊ द्या, किंवा एखाद्या संस्थेकडून.

कुणी सुचवेल की या मुलांना शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्क्यांच्या राखीव जागांतून चांगल्या खासगी शाळेत का टाकत नाही? त्याच्या ऑनलाइन अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, शाळेपासूनचं अंतर नकाशावर मोजलं जातं. पूल हा पत्ता तिथे चालत नाही. तो दरवाजा त्यांच्यासाठी आज तरी बंद आहे. तो उघडण्यासाठी लढायला हवं, पण या तेरा मुलांचं वर्ष त्या लढाईत घालवू नका.

आता 'निघून जातील'बद्दल.

ही माणसं स्वतःहून क्वचितच निघून जातात. त्यांना हलवलं जातं. महापालिकेची गाडी येते, गाठोडी उचलते. पुलाखाली सुशोभीकरण निघतं, कुंपण लागतं. कुणी मोठा पाहुणा शहरात येणार असला की पोलीस आठवडाभर आधी हुसकावतात. पावसाळ्यात पाणी भरतं. फुटपाथवरच्या लोकांनी 1981 मध्ये मुंबईत झालेल्या हकालपट्टीविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. 1985 च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयानं राहण्याची जागा आणि पोट यांचा संबंध जगण्याच्या हक्काशी जोडला. तरी गाडी येतेच. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हवा असंही न्यायालयानं पुढे सांगितलं, पण आईबाप-मुलं एकत्र राहू शकतील असे निवारे फार थोडे. आणि ही माणसं मोजायलाही कुणाला सापडत नाहीत. 2011 च्या जनगणनेत बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि देशात 17.7 लाख, महाराष्ट्रात 2.1 लाख असा आकडा आला. देशाचा शेवटचा मोजलेला आकडा आजही तोच आहे. 4 जुलै 2015 ला राज्यात शाळाबाह्य मुलांचं एका दिवसाचं सर्वेक्षण झालं, मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावली. मीही त्या दिवशी फिरलो. सकाळी ज्या सिग्नलवर गेलो तिथली मुलं दुपारी दुसऱ्या सिग्नलवर होती आणि संध्याकाळी लोकलमध्ये.

तेव्हा गाडी येणार हे धरूनच जूनमध्ये तयारी करा. पहिली गोष्ट, दप्तर. गाडी गाठोडी उचलते तेव्हा दप्तरही जातं, आणि मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही कारण 'बाई, पुस्तक नाय'. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता आमच्या मुलांची पुस्तकं, वह्या आणि एक जादा गणवेश शाळेतच कपाटात असतो. तुमच्या वर्गात कपाट नसेल तर एक पत्र्याची पेटी आणि कुलूप आणा. घरी अभ्यास करायला वही देऊ नका असं मी म्हणत नाही. पण घरी जाणारी वही वेगळी आणि शाळेत राहणारी वेगळी. पावसाळ्यात तर याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट लहान वाटेल, पण माझ्या कामात तिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झालेला नाही. प्रत्येक मुलाला त्याचा जनरल रजिस्टर नंबर, शाळेचं पूर्ण नाव आणि तुमचा फोन नंबर पाठ करायला लावा. पाढ्यांसारखा, रोज, परिपाठानंतर. आमची चौथीतली एक मुलगी होती. नोव्हेंबरात एका रात्री पूल रिकामा झाला, कुटुंब कुठे गेलं कुणालाच माहीत नाही. आम्ही आठवडाभर जवळची स्टेशनं पालथी घातली. फेब्रुवारीत मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतल्या त्या शिक्षिका होत्या. पोरगी भावाचा हात धरून खिचडीच्या वेळी शाळेच्या फाटकाशी उभी होती. बाईंनी आत घेतलं, विचारलं, तर तिनं खडाखडा शाळेचं नाव, रजिस्टर नंबर आणि माझा मोबाइल नंबर म्हणून दाखवला. त्या बाईंनी तिला त्याच दिवशी वर्गात बसवलं. जुन्या शाळेतून दाखला ऑनलाइन मागवला गेला आणि वर्ष वाया गेलं नाही. कागद गाडीत जातो, पाठ केलेलं जात नाही.

तिसरी गोष्ट, तीस दिवसांची. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपल्याकडे शाळाबाह्य धरलं जातं. ही व्याख्या आहे त्याला शोधायला जावं म्हणून. शाळांमध्ये तिचा अर्थ नाव कमी करण्याची परवानगी असा लावला जातो. कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत परीक्षा आणून मागे ठेवण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची दिलेली नाही. म्हणून गैरहजेरी पंधरा दिवसांवर गेली की तुमची जाग यायला हवी. मूल दुसरीकडे सापडलं तर नाव कमी करायचं नाही, दाखला तिकडे पाठवायचा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड दिलं जातं. गाव सोडताना मूल ते घेऊन जातं आणि जाईल तिथली शाळा त्याच्या आधारे बसवून घेते. शहरातल्या शहरात हलवल्या जाणाऱ्या मुलांना ते कुणी देत नाही. तुम्ही केंद्रप्रमुखांकडे त्याची मागणी करा. मूल वॉर्ड ओलांडतं तेही स्थलांतरच आहे.

इथे अमेरिकेतली एक तरतूद सांगाविशी वाटते. तिथे 1987 पासून मॅकिनी-व्हेंटो नावाचा कायदा आहे. बेघर मुलाला कागद नसतानाही लगेच प्रवेश द्यायचा, हे आपल्या कायद्यातही आहे. पण त्यांच्याकडे त्यापुढेही एक गोष्ट आहे. राहण्याची जागा बदलली तरी मूल आधीच्याच शाळेत राहू शकतं, तिथवर नेण्याआणण्याची जबाबदारी शाळांच्या यंत्रणेवर असते, आणि शाळांच्या प्रत्येक स्थानिक यंत्रणेत हे पाहणारा एक ठरलेला माणूस असतो. आपल्याकडे तो माणूस कायद्यात नाही. शिक्षण विभागानं 2017 पासून बालरक्षक चळवळ सुरू केली. शाळाबाह्य मुलांचा पाठपुरावा करणारे शिक्षक हे बालरक्षक. त्यातल्या काहींनी ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या मुलांसाठी जिवाचं रान केलंय. तुम्ही तुमच्या शाळेच्या बालरक्षक म्हणून नाव द्या. मग पुलाखाली जाणं ही तुमची हौस राहणार नाही, शाळेचं काम होईल, आणि मोठ्या बाईंनाही ते कागदावर दाखवता येईल.

आईबापांशी बोलायला जाल तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या: ते तुम्हाला घाबरतील. रजिस्टर घेऊन आलेली, मुलांची नावं लिहून घेणारी बाई म्हणजे पोरं उचलून नेणारी बाई, असा त्यांचा अनुभव असतो. भीक मागताना किंवा विकताना सापडलेली मुलं बालगृहात नेली जातात, मग आई महिनोन्महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या चढते. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांत काहीही लिहू नका. बसा, चहा घ्या, तान्ह्याला मांडीवर घ्या. आईबापांबरोबर राहणाऱ्या मुलासाठी बाल कल्याण समितीकडे धाव घ्यायची गरज नसते. बाल न्याय कायद्याचं तत्त्वच असं आहे की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. पण त्या तेरांत कुणी एकटं असेल, 'मामा' म्हणवणारा माणूस त्याला सांभाळतोय आणि त्याच्या कमाईवर जगतोय असं दिसलं, तर मात्र 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, वाट पाहू नका. ही दोन प्रकरणं पूर्ण वेगळी आहेत आणि ती ओळखायला वेळ द्यावा लागतो.

मुलं वर्गात आली की त्यांची खरी परीक्षा सुरू होते. ती परीक्षा अभ्यासाची नसते, पहिल्या महिन्यात तरी. आंघोळीला सुलभ शौचालयात पैसे लागतात, म्हणून मूल तीन दिवस आंघोळीशिवाय येतं आणि शेजारचं मूल नाक दाबून सरकतं. शाळेचा नळ अर्धा तास आधी उघडून द्या, एक साबण, एक पंचा. पोरं स्वतःहून लवकर येतील, मी हमी देतो. सहावी-सातवीतल्या मुलींसाठी शाळेचं स्वच्छतागृह हीच दिवसातली एकमेव सुरक्षित जागा असते. त्याला कुलूप लावलेलं असेल तर ते आधी काढायला लावा. मोठी बहीण कडेवर धाकट्याला घेऊन आली तर परत पाठवू नका. जवळच्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलून धाकट्याचं नाव तिथे घाला, नाहीतर ती मुलगी आठवड्यातून दोनच दिवस येईल.

ही कुटुंबं पारधी असतील, आणि शहरांतल्या पुलांखाली पुष्कळदा ती असतात, तर मुलांची घरची बोली गुजरातीच्या अंगानं जाणारी असते. मराठी त्यांना बाजारापुरती येते. बाईंनी 'वही उघडा' म्हटलं आणि मूल नुसतं बघत राहिलं की त्याला मंद ठरवलं जातं. दोन महिने द्या. आणि वर्गात काही हरवलं की सगळ्यांच्या नजरा कुठे वळतात तेही पाहा. एका शाळेत कंपासपेटी हरवली म्हणून आमच्या दोन मुलांची दप्तरं सगळ्या वर्गासमोर उलटी केली गेली. पेटी दुसऱ्याच दिवशी एका मुलाच्या घरी सापडली. ती दोघं पुन्हा त्या शाळेत आली नाहीत, मी पायाशी बसून विनवलं तरी. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्या कपाळावर गुन्हेगारीचा शिक्का मारला त्या समाजाची ती मुलं. कायदा 1952 मध्ये गेला, शिक्का वर्गात अजून आहे. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, पण जूनमध्येच त्या शिक्षकांशी याबद्दल बोलायला हवं होतं. तुम्ही बोलून ठेवा.

अभ्यासाचं थोडक्यात. कलम 4 प्रमाणे मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं आणि त्याला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं, कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू नका, तो लाजेनंच पळेल. पण त्याला चौथीत बसवून अक्षरओळखही न देता सोडणं हाही अन्यायच आहे. रोज एक तास वेगळा काढा, शाळेच्या वेळातच. सिग्नलवरची कमाई शाळा सुटल्यावर सुरू होते, त्यामुळे जादा तास ही मुलं करणार नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आणि 26 जानेवारीच्या आधी ती झेंडे विकायला बसतील, दिवाळीआधी कंदील. त्या दिवसांची गैरहजेरी आधीच धरून ठेवा, रागावू नका, नंतर भरून काढा. ठाण्याला तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ मिळून कंटेनरमध्ये सिग्नल शाळा चालवतात. तिथली मुलं पुढे दहावी पास झाली. शाळा मुलांच्या वेळेप्रमाणे वळली की काय होतं ते बघायला एकदा जाऊन या. पण तिचं नाव पुढे करून कुणी तुमच्या मुलांना 'तिकडे पाठवा' म्हणत असेल तर ऐकू नका. त्यांची शाळा दहा मिनिटांवर आहे, तीच त्यांची.

ती दहा मिनिटं मात्र एकट्यानं चालायला लावू नका, मध्ये मोठा रस्ता असणार. पुलाखालच्याच एका आईला रोज सोडायला सांगा. तिच्या त्या तासाचे विक्रीचे पैसे बुडतात, ते शालेय व्यवस्थापन समितीतून किंवा चार लोकांच्या वर्गणीतून तिला द्या. आणि त्या समितीत फुटपाथवरची एक आई सदस्य म्हणून घ्या. ती बैठकीत बसली की बाकीच्या पालकांचं कुजबुजणं अर्ध्यावर येतं.

राहिला तो तेरा वर्षांचा मुलगा. त्याला सांगा की त्याला घ्यावंच लागतं. कायद्याचा हक्क सहा ते चौदा वयाचा आहे, पण या वयात एकदा नाव दाखल झालं की चौदा उलटल्यावरही प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत ते मोफत मिळतं. कलम 4 मध्येच तसं म्हटलंय. पुढे दहावीला वाटलं तर बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. अडचण एकच: हा फायदा चौदा पूर्ण होण्याआधी दाखल झालेल्यालाच. त्याच्या आईला भेटा, बाळंतपण कुठे झालं विचारा, वय नीट ठरवा. तेरा अर्जांत त्याचा अर्ज सगळ्यात आधी लिहा, आणि त्यावर मोठ्या बाईंच्या सहीखाली तारीख आहे ना, हे पाहूनच तिथून उठा.